मॉसीचं वासरू

आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या एका गावच्या पोस्टात रांगेतल्या दोघी बोलत होत्या. मागे ब्रीडाचे कान टवकारलेले.

“बंद रेल्वेच्या जागी फिरायची वाट करायची, तर आधी पूल हवा ना? वर्गणी निम्म्यावरच अडलेली. मॉसीनं पुलासाठी आपलं वासरू लिलावाला दिलं.”

“त्या कवडीचुंबकानं?”

“ऐक तरी! टिमनं घेतलं, पैसे मोजले आणि म्हणाला, पुन्हा विका.”

“अगं बाई!”

“पुढच्यानंही तेच केलं. त्याच्या पुढच्यानंही. गुरांचा बाजार उठेपर्यंत तेच एक वासरू विकत होते. पुलाचे पैसे जमले गं!”

“शेवटी नेलं कोणी?”

“शेवटच्यानं दोरी मॉसीच्याच हातात दिली. गवतात बुडालेल्या रुळांवरून दोघं घरी गेली. सगळा बाजार टोप्या काढून उभा!”

“पुढचं कोण?” पोस्टमास्तरनं विचारलं.

रांगेतलं कोणीच हललं नाही.