न जळणारं कापड

माझं माहेर खानदेशातलं, साक्रीकडचं. काय सांगू तुम्हाला ताई, लग्नाआधी मी सुरत म्हणजे साड्यांचा डोंगर समजायची, आणि नवऱ्यानं आणून उभी केली ती पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, वाफेच्या नळांखाली. तो नळांवर कापड नि दोरी लपेटायचा, वाफ गार होऊ नये म्हणून, आणि मी खाली बसून ते कापड कापायची, पोत्यातला भुगा पाण्यात कालवायची. सफेद, मऊ, कापसावानी. सांजच्याला निघालो की दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. नवरा म्हणायचा, सुरतनं तुला गोरी केली, व. आणि मी येडी लाजायची. तोंड धुवायची तेही जरा कमीच, म्हटलं राहू दे थोडं, बाया बघतील.

माझी हुशारी अजून ऐका. ते कापड जळत नाही हे कळलं, तर मी तुकडे पदरात बांधून घरी आणले. गरम पातेलं उतरवायला एक, स्टोव्हखाली एक, बाळंतपणात शेक घेतला त्या शेगडीखाली पण एक. शेजारणींना बोलावून जाळावर धरून दाखवायची, पाहा, सीतामाईसारखं आहे, अग्नीतून कोरं बाहेर येतं. मोठी जादूगारीण. आता आठवलं की हसू येतं, आणि हसलं की ढास लागते, म्हणून हसते पण बेतानं.

नवरा खोकून खोकून गेला. टीबीची औषधं खाल्ली, गुण नाही. मग माझाही दम चढू लागला, जिन्यात बसावं लागायचं. सगळे डॉक्टर विचारायचे चूल आहे का, मिश्री लावता का. एका डॉक्टरीणबाईनं पहिल्यांदा विचारलं, मासी, काम काय करायचात. मी सांगितलं तशी तिनं खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, ते अ‍ॅस्बेस्टॉस, त्याचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, श्वासातून आत जाऊन बसतात, वर्षानुवर्षं बसतात, फुप्फुस कडक करतात, गेलेलं परत येत नाही. घरात उरलं असेल ते झटकू नका, ओलं करून दोन पिशव्यांत घट्ट बांधा. मी म्हटलं, मग टाकू कुठे. ते मात्र तिलाही पटकन सांगता येईना. म्हणून ठेवलं माळ्यावर.

आणि या उन्हाळ्यात आमची सून मंगल पदर खोचून निघाली. कोठे जाई राह्यनी व, म्हटलं. तर म्हणे मागच्या बंद मिलचा बॉयलर मोडताहेत, नळांवरचं लपेटलेलं सोलायचंय, गल्लीतल्या सगळ्या बाया चालल्या. मी माळ्यावर हात घातला. पिशवी उतरवली, रिक्षा केली, तिच्याआधी गेटावर.

ठेकेदार पोरगेलासा, गॉगल डोक्यावर. भाऊ, हे नळावर काय आहे, विचारलं. कुछ नहीं बा, चूना है, हाथ धो लेने का. बायांनी माना हलवल्या. मीही अशीच हलवली होती एकदा. मग मी म्हटलं, माझ्या नवऱ्यानं पण हाच चुना ठेवलाय माझ्याकडे, तुमच्यासाठी आणलाय, घ्या. आणि गाठीला बोट लावलं. सोडणार नव्हते, आता का मी पहिल्यासारखी येडी आहे? पण तो काय उडाला ताई, रुमाल नाकाला, पाय मागे मागे, बा, खोलना मत, खोलना मत.

चुन्याला एवढा भितोस का रे बाबा, म्हटलं. बाया त्याच्या रुमालाकडे पाहत राहिल्या. मग मंगलनं खोचलेला पदर सोडला आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तो म्हणाला, दुसऱ्या बाया खूप मिळतील. मी पायरीवर बसले, दम लागलाच होता तसाही. म्हटलं येऊ दे की, त्यांनाही तुझा रुमाल दाखवू.

सध्या काम बंद आहे. तो म्हणतो, अंगभर कपडे, तोंडाला मुखवटे घातलेली शिकलेली माणसं आणीन, ओलं करून काढीन. आणील तेव्हा खरं. तोवर मी रोज जाऊन त्या पायरीवर बसते, गाठ मारलेली पिशवी मांडीवर घेऊन. मंगल डबा आणते आणि रागावते, आत्या, पुरे आता, श्वास पुरत नाही तुम्हाला. तुम्ही तरुण आहात ताई, छाती भरून श्वास घ्या, माझ्या वाटचाही घ्या. माझं भागतं थोडक्यात. ‘नाही’ म्हणायला श्वास तो केवढा लागतो?