कुमुदबाईंचा शनिवारचा शब्द

बाई, उठू नका. केतन, त्यांची खुर्ची जरा धरून ठेव. स्वतःचं कौतुक सुरू झालं, की बाईंना चहाची व्यवस्था बघायची असते.

अध्यक्ष कृष्णकांत पाटीलसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, सहकारी, पालक आणि विद्यार्थ्यांनो, मी चारुता. कुमुदबाई आणि मी या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. बाई आज निवृत्त होत आहेत.

मला एक कोडं सुटत नव्हतं. माझ्या वर्गातली मुलं शेकडो अवघड शब्द पाठ करतात. परीक्षेनंतर ते जातात कुठे? बाई शनिवारच्या तासाला प्रत्येकाला एकच शब्द देतात. तो मुलांपाशी राहतो कसा?

म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसू लागले. बाईंनी जासईच्या रंजिताला शब्द दिला होता, ‘रिलक्टंट’, म्हणजे मनातून तयार नसलेला. नियम साधा होता. अर्थ कुठेही बघा, पण तो शब्द ज्याला लागू पडतो असं एक माणूस शोधून या. तोवर दुसरा शब्द नाही.

रंजिता कितीतरी शनिवार रिकामी आली. पोरं चिडवायची, “रंजे, शिळा झाला गं तुझा शब्द!” बाई तिचं नाव पुढच्या शनिवारसाठी लिहून ठेवायच्या.

मग एकदा ती दारातूनच ओरडली, “बाई, गावली! माजी आजी!”

घरच्यांनी गावातलं घर सोडून करंजाड्यात फ्लॅट घेतला होता. आजी लिफ्टपाशी येऊन उभी राहिली.

“नाय म्हनत नाय,” रंजिता म्हणाली, “पन पाय उचलत नाय.”

“मग तुम्ही काय केलंत?” बाईंनी विचारलं.

“आमी थांबलो.”

बाईंनी तिला पुढचा शब्द दिला.

असं थांबणं मला येत नाही. मी अर्थ सांगून मोकळी होते. आणि उद्या शनिवार; उद्यापासून हा तास मी घ्यावा असं ठरलं आहे. माझ्या हातून तो बंद पडेल, ही भीती आहे. म्हणून सर्वांसमक्ष विचारते. बाई, शनिवारी याल?

बाई हसताहेत. हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

मागून कोण बोललं? रंजिता? मोठ्यानं सांग.

“बाई, आमी थांबतो!”

हसा, पण तिचं म्हणणं विसरू नका. आपण सारे आलात, ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, तर योग्य शब्द मला अजून सापडायचा आहे असं समजून क्षमा करा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाई माझ्या तासाला आल्या. मागच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “चारुता, मलाही एक शब्द दे.”