राळ्याचे भाऊबंद

म्हसवडच्या स्टँडवर सांगलीच्या एसटीची वाट बघून वीरधवलला पेंग यायला लागली होती. तेवढ्यात शेजारच्या बाकावर एका सासू-सुनेनं राळ्याच्या कणसांचं गाठोडं सोडलं आणि त्याची झोपच उडाली.

"आगं स्वप्नाली, ह्यात रानगवात मिसळलंय. फेकून दे समदं. बहिनीच्या रानात असलं बी गेलं, तर जलमभर नाव ठिवंल मला."

"आवं आत्या, थांबा की. एकेक कनीस पदरावर झटकूया. हे बघा, ह्याचं दानं भराभर गळालं, मागं नुसती कुसं उरली. हे रानटी."

"आन् हे?"

"झटका अजून. सोडतंय का दाना? हाच आपला राळा."

"व्हय गं! माझ्या डोळ्याला तर दोनी सारखीच."

"दिसनारच. एकाच कुळातली हायती. सेटारिया म्हनत्यात त्या कुळाला."

"म्हंजी भाऊबंद! तरीच एकमेकाच्या रानात घुसत्यात. पन गवात शिकाय कॉलेजात जात्यात व्हय गं?"

"जात्यात की. त्यातच एमएस्सी झालीया माझी."

"लय भारी! चल, बांध आता गाठोडं. बिनघोर पेरंल ती."

"बहिनीला सांगा, मीच निवडलं म्हनून."

"खुळी का काय तू? तिच्या तिनी सुना म्होरं बसवीन, आन् मग सांगीन, माझ्या सुनंनं निवडलं!"