परवाची गोष्ट सासूला सांगितली

एरंडोलच्या दवाखान्यात माझ्या शेजारी झुंबरबाई बसल्या होत्या, मांडीवर पाच महिन्यांचा नातू. त्यांची सून कोकिळा डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून बाहेर आली.

"काय बोलली बाई?"

"तांबी बसवली, अक्का. परवा निरोध फाटला म्हटल्यावर म्हणाल्या, वेळेत आलात. पाच दिवसांच्या आत बसवली तर दिवस राहायची भीती जवळजवळ नसते."

"आन् तरी पाळी चुकली तर?"

"लगेच लघवी तपासायला यायचं. घरी काढे-बिढे घ्यायचे नाहीत."

"दुखस का?"

"ओटीपोटात थोडं. ह्यांना तांबीचं काय सांगू?"

"माझ्या पोराले, पुनाले, मी सांगसू. मागच्या बाळंतपनात तुझं किती रगत गेलं, त्याले ठाऊक शे."

"अक्का, तुम्हाला सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं."

"तरी सांगितलं ना."

"तुम्ही रागावला नाहीत."

"माझी सासूबी भली बाई होती, कोकिळा. मीच तिले कधी काही बोलले नाही. सात बाळंतपनं झाली माझी. घे, पोराले घे. भूक लागली शे त्याले."