जर्मनीहून देवास, सडकेनं

...नाही, तुम्हीच सांगा, घरी यायला विमान असताना कुणी मोटरसायकलवरून येतं का? बरं, येतंय कुठून? आमच्या इकडच्या बदनावरहून नाही, पीपलरावांहून नाही... जर्मनीहून! स्टुटगार्टहून देवासला! एकटी! आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणाची पोरगी असती ना, तर मीसुद्धा "वा भिया, क्या बात है" म्हटलं असतं आणि पोह्यांवर आणखी शेव घालून घेतली असती. पण ती माझी आहे हो! माझी उर्वी!

त्याचं झालं असं, की एका रविवारी तिचा फोन आला. "बाबा, इथल्या नोकरीचा करार संपतोय, मी कायमची परत येतेय." शशिकलेचे, म्हणजे आमच्या हिचे, डोळे भरून आले. माझेही येणारच होते, पण मी मूर्ख, मधेच विचारलं, "तिकीट कधीचं काढलंयस?"

"तिकीट नाही काढलं. घरीच यायचंय ना, मग मोटरसायकल घेऊन सडकेनं येते."

"कुठल्या सडकेनं?"

"तेच ठरवायचंय!"

आता मला वाटलं, आई आहे, भूगोल शिकवते शाळेत, ही तरी ओरडेल. कशाची ओरडते! हिनं शाळेतून आशियाचा जुना नकाशा आणून हॉलमध्ये टांगला. इतका जुना, की त्यात अजून सोव्हिएत रशियाच आहे! कझाकस्तान शोधायला गेलो तर सगळंच गुलाबी! माय-लेकी फोनवर खिदळतायत, घाट काय, वाळवंट काय... आणि मी? मी नकाशा बघतोय!

शेजारचे राठौरजी आले. "अरे भिया, छोरी तो शेर है, शेर!"

मी म्हटलं, "आपकी को भी भेज दो साथ में."

तर म्हणतात, "म्हारी? नी नी भिया, म्हारी तो उज्जैन भी अकेली नी जाए!" आणि निवांतपणे माझ्याच घरचा चहा पिऊन गेले. दुसऱ्याच्या पोरीचं कौतुक करायला काय जातं हो कुणाचं?

मग मी ठरवलं, सरळ नाही म्हणायचं नाही. चौतीस वर्षं कारखान्यात काढलीत मी, काम अडवायचं कसं ते मला कळतं! चुका काढायच्या. रोज एक. बसलो कॉम्प्युटरवर, चष्मा लावला आणि तिला फोन केला. "इराणचं काही खरं नाही, आणि पुढे पाकिस्तानात तर आपल्या पासपोर्टवर मोटरसायकल घेऊन शिरणं विसरच!" मला वाटलं, संपलं. तर ही म्हणते, "बरोबर बाबा, मग वरून येते, मध्य आशियातून." मी म्हटलं, "अगं, अझरबैजाननं सडकेची सीमा बंद ठेवलीय!" तर म्हणते, "अरे हो की! मग जॉर्जियातून रशियात शिरते. थँक यू, बाबा!" थँक यू? मी म्हटलं, "चीनमध्ये परवानगी लागते, सोबत त्यांचा गाईड लागतो, एकटीला सोडत नाहीत!" तर आठवड्यात पोरीनं तिबेटमार्गे नेपाळला जाणारा गट शोधला. शेवटी मी हुकमाचा पत्ता टाकला, "पावसाळ्यात नेपाळात दरडी कोसळतात." तर म्हणते, "बाबा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मग ऑक्टोबरातच पोचायला हवं, म्हणजे निघायचं जूनमध्ये." घ्या! तारीखसुद्धा मीच काढून दिली! मुहूर्त काढावा तशी! पोरगी मैत्रिणींना सांगते, "रूट सगळा बाबांनी बनवलाय." झोप उडाली हो माझी. डोळे मिटले की एकच दृश्य, उजाड रस्ता, आडवी पडलेली गाडी, आणि मी नकाशा बघतोय!

मग एकच उपाय उरला, धार. धारला आमचे भाऊ राहतात. माझे थोरले बंधू, निवृत्त तहसीलदार, वयानं मला वडिलांसारखे. आमचे आजोबा धार संस्थानात कामाला होते, त्याचा ताठा भाऊंच्या मानेत अजून आहे. आमच्या घरात भाऊंचा शब्द आजवर कुणी मोडलेला नाही. मी तर नाहीच नाही! शशिकलेला म्हटलं, सहज भेटून येतो. ती म्हणाली, "मीही येते." तिला कळलं होतं मी कशाला निघालोय.

भाऊंनी ऐकून घेतलं. म्हणाले, "नीळू, लाव तिला फोन." मी व्हिडिओ लावून फोन त्यांच्यापुढे टेबलावर उभा केला, पाण्याच्या तांब्याला टेकवून. भाऊ म्हणाले, "उर्वी, हे जे काही तू योजिले आहेस, ते होणे नाही. आपल्या घराण्यातल्या मुली असल्या गोष्टी करीत नसतात. समजलीस?"

मी श्वास रोखून बसलोय. आता ती भांडेल. एकविसावं शतक वगैरे काढेल. पण ती म्हणाली, "बरं, भाऊकाका."

बस. एवढंच. जिंकलो ना मी? सांगा ना, जिंकलोच की! मग आनंद का होईना? ही पोरगी आयुष्यात कधी "बरं" म्हणाली नव्हती हो... पहिलीत दुधाच्या पेल्यावरून तासभर भांडली होती माझ्याशी!

आणि भाऊ माझ्याकडे वळून म्हणतात, "पाहिलेस? मुलींना धाकात ठेवावे लागते. तू पहिल्यापासून ढिला. अशा भटक्या मुलीस उद्या कोण करून घेणार?"

भटक्या? माझ्या उर्वीला? तुम्हाला सांगतो, कुठून आलं कुणास ठाऊक, मी उभाच राहिलो! "भाऊ, ती आख्खा गिअरबॉक्स उघडून परत बसवते. तुम्हाला टीव्हीच्या रिमोटचे सेल बदलता येत नाहीत! तिला नाही म्हणायचं असेल तर मी म्हणेन, मी बाप आहे तिचा!"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबलेल्या. शशिकला माझ्याकडे अशी बघतेय, जशी लग्नातसुद्धा बघितली नव्हती. आणि तांब्याजवळून आवाज आला, "बाबा..."

फोन चालूच होता हो!

"बाबा, मग म्हणा ना. तुम्ही एकदा मनापासून नको म्हणा, मी खरंच नाही निघणार. रुसणार पण नाही. मला पण भीती वाटते, बाबा. खूप वाटते. आईला नाही सांगितलं मी."

आता बोला! इतके महिने ज्याच्यासाठी जीव टाकला ते ताटात वाढून आलं. दोन अक्षरं. न... को. तोंड उघडलं. शशिकलेनं मान खाली घातली. आणि माझ्या तोंडातून निघालं काय, तर, "हातमोजे गरम आहेत का तुझ्याकडे?"

"एक जोडी आहे," ती म्हणाली, रडत होती की हसत होती कळेना.

"दोन घे. एक ओली होते."

भाऊ उठून आत गेले. अजून बोलत नाहीत माझ्याशी. दिवाळीला जाईन पाया पडायला, बघू.

निघाली ती जूनमध्ये. आता जॉर्जियात आहे. परवा डोंगरात शिरली आणि दिवसभर फोन नाही, निरोप नाही, मी जेवलो नाही, शशिकला जेवली नाही, राठौरजी येऊन धीर देऊन गेले, चहासुद्धा न पिता. ही देवापाशी आणि मी नकाशा बघतोय! संध्याकाळी फोन वाजला. "बाबा, रेंज नव्हती. इथली भाकरी काय छान आहे हो!" भाकरी! इकडे माझा जीव गेला होता आणि ही भाकरी सांगतेय!

फोन ठेवला, शशिकला डोळे पुसून म्हणाली, "अहो, नेपाळातून ती सोनौलीला भारतात शिरेल ना, तिथे आपण घ्यायला जायचं."

मी म्हटलं, "जाऊ की. रेल्वेचं बघतो."

"रेल्वे कशाला? माझी स्कूटर आहे ना."

"अगं, उत्तर प्रदेशच्या त्या टोकाला? चालवणार कोण?"

"मी. तुम्ही मागे बसा, घट्ट धरून."

...तर हेल्मेट आणलंय. कानाला जरा घट्ट होतंय. दुकानदाराला सांगितलं, तर म्हणाला, "पहनते रहो भिया, सोनौली आते-आते ढीला हो जाएगा."