पेन्सिलीखालचा चेहरा

पुंडलिकराव : लिही, सूनबाई. पंधरा नोव्हेंबर एकोणीसशे छप्पन्न, गुरुवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. वंदना, बापूजींची मुलगी, राहणार बोरगाव. फोटोची काच एक.

उषा : एकच, मामाजी? हलली तर?

पुंडलिकराव : हलणार नाही. लग्नाआधी याच खुर्चीत बसली होती, तेव्हाही हलली नव्हती.

वंदना : तवा आईनं सांगतलं होतं, हलली तं लग्न मोडते. नाई हलली, काकाजी. तरी मोडलंच.

पुंडलिकराव : चेहऱ्यावर पावडर का लावलीस?

वंदना : सवयीनं. फोटो म्हटला का हात जाते. पुसून टाकते.

उषा : पदरानं नको. हा घे ओला फडका.

पुंडलिकराव : पुन्हा एकदा विचारतो, वंदना. नेमके कसले छायाचित्र हवे आहे? एकदा काम सुरू झाले की मी त्यात बदल करत नाही.

वंदना : देवीचे वण दिसले पाह्यजे. सारे. काटोलले सासूनं माहा पदर वर केला अन् फोटो हाती घेऊन उभी राह्यली. म्हने, फोटोतली पोरगी कुठं ठेवून आली? मंग रोज तेच. भाकर करपली तरी फोटो, गाय आटली तरी फोटो. शेवटी फोटो ठेवून घेतला अन् मले पाठवून देलं.

उषा : फोटो ठेवून घेतला?

वंदना : भितीवर हाय. धाकल्या जावेनं सांगतलं. फोटोतल्या पोरीसंगं कोनाचं भांडन नाई.

पुंडलिकराव : तुझ्या वडिलांनी वण नकोत म्हणून सांगितले होते, मी ते राहू दिले नाहीत. गिऱ्हाईक मागेल ते मी देतो. निवाडा करायला पंच आहेत.

वंदना : बाबा आता पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं पाहून राहिले. मुलताईचा बिजवर हाय. म्हनते, काटोल आता मुंबई राज्यात गेलं, तिकडची गोष्ट इकडं कोन आनते?

उषा : नव्या सरहद्दीचा हाही एक उपयोग.

वंदना : मी वैशाखात माहेरी आली, सरहद्द दिवाळीत आली. बाबाले वाटते, ते माह्यासाठीच आखली.

पुंडलिकराव : विषयावर ये.

वंदना : विषय हाच हाय, काकाजी. बाबानं त्या जुन्या काचेवरून कॉप्या काढाले सांगतल्या न तुमाले? त्या मुलताईवाल्याले द्याच्या हायेत.

उषा : मुलताईवाल्याला? मला तर सांगितलं, नातेवाइकांना वाटायच्या आहेत. कालच तपकिरी रंगात बुडवून काढल्या मी. सडक्या अंड्याचा वास अजून हाताला आहे.

वंदना : पहाटेच निघाले बाबा, पिशवीत नारळ टाकून. आधी जामसांवलीले मारोतीपाशी नारळ फोडनार, मंग इथं येनार. म्हनून मी सौंसरहून पैली मोटर धरली. त्याइले त्या देऊ नका. मुलताईले हा जाऊ द्या, खरा. पाहून नाई म्हनला तं बोरगावच्या संत्र्यात राबीन. पन मले दुसऱ्यांदा फोटोच्या बाजूले उभं नाई राहाचं.

पुंडलिकराव : आधी बस. उजेड सरकतो आहे. उषा, मागच्या वेळी काय केले होते?

उषा : खिडकीवर पांढरं कापड, समोरून मऊ उजेड. सावलीच्या बाजूला पांढरी फळी. मान जराशी वळवलेली, नजर खाली.

पुंडलिकराव : कारण?

उषा : खड्ड्यांत सावली पडू नये म्हणून.

पुंडलिकराव : आता ते सगळे उलट करायचे. कापड काढ. फळीच्या जागी काळी घोंगडी लाव. खुर्ची अशी फिरव की खिडकी तिच्या उजव्या हाताला येईल. उजेड गालावरून तिरपा गेला की प्रत्येक खड्डा आपली सावली आपण धरतो.

वंदना : नांगरलेल्या वावरावानी.

पुंडलिकराव : तसेच. सकाळच्या उन्हात नांगरटीचे एकेक ढेकूळ वेगळे दिसते, आणि दुपारी तेच शेत सपाट वाटते.

उषा : मामाजी, कौतुक नांगरटीचं चाललंय का तिच्या गालाचं?

वंदना : करू द्या, वहिनी. कोनी तं केलं.

पुंडलिकराव : मान सरळ. पदर गालावरून मागे घे. नजर माझ्याकडे नाही, इथे, भिंगात.

वंदना : भिंगात पाहू? तवा तं तुमी म्हनले, पोरीनं खाली पाहावं.

पुंडलिकराव : खाली पाहिल्याने पापणीची सावली डोळ्याखालच्या वणांवर येत होती.

वंदना : असं होय. मी समजली, लाजेसाठी.

पुंडलिकराव : बोलू नकोस. श्वास रोख… झाले.

(उषा काच घेऊन अंधाऱ्या खोलीत जाते, बऱ्याच वेळाने ओली काच धरून बाहेर येते.)

उषा : आले. सगळे आले. खिडकीकडे धर आणि बघ. काचेत सगळं उलटं असतं, सावली तिथं काच मोकळी. जिथं बारीक बारीक मोकळं दिसतं ना, तिथं वण.

वंदना : चांदन्यावानी दिसून राहिले.

पुंडलिकराव : प्रत तपकिरी करायची का?

वंदना : त्यानं काय होते?

उषा : सगळं जुनं आणि गोड वाटतं. कातडीचा रंग कळत नाही.

वंदना : तं नको. काळा-पांढराच ठेवा. अन् ते जुनी काच फोडून टाका.

पुंडलिकराव : मी काच फोडत नाही. एकतीस वर्षांत एकही फोडलेली नाही.

उषा : फोडायची गरजच नाही. तिच्यावर जे आहे ते माझ्या पेन्सिलीचं आहे. उजेडानं झाकून जे उरले होते, ते मोकळे ठिपके मी एकेक करून भरले. माझं पहिलंच काम ते. मामाजींनी शाबासकी दिली होती. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की निघून जातं. मामाजी, पुसू?

पुंडलिकराव : पुस.

वंदना : निघून राहिलं काय, वहिनी?

उषा : हे बघ. हनुवटीवरचे तीन, नाकाजवळचे हे. खाली होतीसच तू.

वंदना : आता येऊ द्या बाबाले.

उषा : येऊ देत. या काचेवरून आता तशी प्रत निघायची नाही. आणि कालच्या प्रतींचं पाकीट तर मी या फळीवरच… मामाजी, पाकीट कुठं ठेवलंत?

पुंडलिकराव : बापूजी साडेनऊला येऊन गेले. तू स्वयंपाकघरात होतीस.

वंदना : पन नारळ? आधी जामसांवलीले जानार होते न ते.

पुंडलिकराव : नारळ पिशवीतच होता. पाकीट त्याच पिशवीत ठेवले. आधी मारुतीच्या पायाशी ठेवतो, मग पाहुण्यांच्या हाती देतो म्हणाले. मुलताईचे पाहुणे तिथेच येणार आहेत.

उषा : आणि तुम्ही हिला इतका वेळ इथं बसवून ठेवलंत? मला काच पुसू दिलीत?

पुंडलिकराव : तिने मागितले ते तिला काढून दिले. त्यांनी मागितले ते त्यांना दिले. दोन्ही कामांत खोट काढून दाखव.

उषा : कामात नाही, मामाजी.

वंदना : राहू द्या, वहिनी. हा फडका घ्या तुमचा. आता किती कॉप्यांच्या बाजूले उभं राहाचं?

उषा : सहा.