अंगणात काढून ठेवलेलं इंजिन

सभेचे अध्यक्ष शेख हिलाल बिन मुसल्लम, व्यासपीठावरील क्लबचे पदाधिकारी, इब्राहून मुद्दाम आलेले पाहुणे, ज्याला निरोप द्यायला आपण जमलो तो मर्हून, समोरचे माझे बंधू आणि पडद्यापलीकडच्या माझ्या भगिनींनो,

आज गुरुवार, चौदा नोव्हेंबर. सकाळी शाळेत दोन तास घेतले, घरी जेवलो, असरची नमाज झाली आणि चालत इथे आलो. वाटेत ठरवत होतो, बोलावं की नाही. मी भूगोलाचा मास्तर. मुलांसमोर बोलायची सवय आहे, मोठ्या माणसांसमोर नाही. तरी अध्यक्षांकडे पाच मिनिटं मागून घेतली, ती त्यांनी दिली, त्यांचा आभारी आहे.

आधीच्या वक्त्यांनी मर्हूनच्या हाताचं कौतुक केलं. बिदियात असा कुणाचा पंप आहे, जो त्याने सुरू करून दिला नाही? हा माणूस उद्या सकाळी दुक्मच्या बंदरात गोदामाच्या नोकरीवर निघालाय. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. यापुढे पाना हातात धरणार नाही, असं तो म्हणतो.

माझा मुलगा झहरान याला तुम्ही ओळखत होता. गेल्या जूनमध्ये तो वाळूत गेला आणि आम्ही त्याला परत आणलं ते मातीत ठेवायलाच.

ज्या गाडीतून तो गेला, ती त्याने आणि मर्हूनने आमच्याच अंगणात, गाफच्या झाडाखाली जोडली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यात भंगारातून आणलेल्या मोटरसायकलचं इंजिन. तापलेला सायलेन्सर पाठीला लागू नये म्हणून त्यांनी इंजिन उलट तोंड करून बसवलं. पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे सुटली, ती थेट शेळ्यांच्या कुडात. दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागे! शेजारची उम्म सैफ भिंतीवरून ओरडली, "अरे मेल्यांनो, घरातच शिरायचं होतं तर निघालात कशाला?" झहरान शेळ्यांमधून म्हणतो, "आजी, मागे जायला पाच गिअर आहेत. आख्ख्या ओमानात आहेत का कुणाकडे?"

हसा, हसा. मीही त्या दिवशी फार हसलो होतो.

मग इंजिन काढून सरळ बसवलं. आता पाचही गिअर पुढचे झाले. मागचा एकही नाही, कारण मोटरसायकलला तो नसतोच, माणूस पायाने रेटून मागे घेतो. मर्हून म्हणाला, जुन्या कारची स्टार्टर मोटर लावून मागे जायची सोय करू. तिचं दातेरी चाक इब्राला कातायला दिलं होतं, ते गुरुवारी यायचं होतं.

आता जे सांगतो ते मी पोलिसांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, मशिदीत विचारणाऱ्यांना सांगितलं. एकाच माणसाला सांगायचं राहिलं, कारण मी दिसलो की तो बाजारात दुसऱ्या गल्लीत वळतो. आज स्वतःच्याच निरोपातून त्याला उठून जाता येणार नाही, म्हणून मी उभा राहिलो.

मर्हून, त्या मंगळवारी संध्याकाळी मी खिडकीत वही तपासत होतो. तू म्हणालास, "गुरुवारपर्यंत गाडी हलवायची नाही. खळग्यात नाक घुसलं तर बाहेर कसा काढशील?" तो म्हणाला, "तू म्हाताऱ्यासारखा बोलतोस." तू म्हणालास, "म्हातारा तर म्हातारा. चावी दे इकडे." त्याने चावी दिली. तू ती माझ्या हातात आणून दिलीस, मी ती फळीवर ठेवली. पहाटे त्याने ती घेतली. सत्तावीस वर्षांचा मुलगा होता, विचारून थोडाच जाणार होता? गाडी खळग्यात नाकावर रुतली. तो ती सोडून चालत निघाला, आणि जूनचं ऊन काय असतं ते तुम्हाला मी काय सांगू?

त्याला शोधलं ते तूच. त्याच्यावर स्वतःची चादर घातलीस ती तूच. मग लोक काहीही बोलोत. मागे जायच्या सोयीविना तू त्याला गाडी दिलीस, असं कुणी म्हणालं, तर ते खोटं आहे. त्याचा बाप सांगतोय.

दुखवट्याचे तीन दिवस संपले आणि मी घरी नसताना तू आलास. वाळूतून अंगणात परत आणलेल्या गाडीतून इंजिन उतरवलंस, गोणपाटावर ठेवून झाकलंस आणि गेलास. तुला ते बघवत नव्हतं, मला कळतं. पण झहरानची आई झुवैना रोज त्याच्याभोवती झाडते. परवा म्हणाली, "माझ्या पोराने जोडलेलं होतं ते. रिकामा सांगाडा बघून मला वाटतं, त्याचं तेवढंही उरलं नाही. मर्हूनला म्हणावं, जिथलं तिथे बसव. आणि तेव्हा जेवायलाच ये."

गाडी कुणी चालवणार नाही. चालू नाही झाली तरी चालेल.

मंडळी, मघाशी सगळ्यांना कहवा दिला. माझा पेला अजून भरलेला आहे, हे अध्यक्षांनी पाहिलं, पण मोठ्या मनाने विचारलं नाही. मागणं असलेला माणूस कहवा का खाली ठेवतो आणि समोरच्याने हो म्हटल्याशिवाय का उचलत नाही, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. माझं मागणं मर्हूनकडे आहे. एक दिवस उशिरा जा. तेवढंच.

काय? मोठ्याने बोल बाळा, मागे ऐकू जात नाही.

मर्हून विचारतोय, "काका, पाने घरात आहेत की मी आणू?"

आहेत. सगळे आहेत. सकाळी ये, ऊन चढायच्या आत.

आता माझ्याने पुढे बोलवत नाही. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, तुम्हा सर्वांचे आभार. निरोपाच्या सभेत घरचं रडगाणं आणलं, वेळही जास्त घेतला. चुकलं असेल ते पोटात घाला. तुम्ही जेवायला चला, शुव्याचं भाजलेलं मटण थंड होतंय. नको, दुसरा कहवा ओतू नका. थंड झाला असला तरी मी हाच घेतो. तुम्ही व्हा पुढे.